९ जण, ११ मिनिटं: ग्रुपनं फिल्म करताना काय काय चुकलं

खिडकीतला:

इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

शेवटच्या वर्षाला ग्रुप प्रोजेक्ट म्हणून आम्ही ९ जणांनी एक लघुपट केला. वडील गेल्यावर त्यांची खोली आवरायला आलेले भाऊ-बहीण, एवढीच गोष्ट. दोन पात्रं, एक घर. 'एकाच खोलीत तर आहे, ४ दिवसांत उरकू' म्हणत सुरू केलं आणि ७ दिवस लागले. फिल्म ११ मिनिटांची झाली. परवा दाखवली, टाळ्याही पडल्या. पण बाहेर आल्यावर आम्ही ९ जण दोन वेगवेगळ्या घोळक्यांत उभे होतो. ते बघून लिहावंसं वाटलं.

आम्ही सगळे मित्र. म्हणून कुणालाच हुद्दा द्यायचा नाही, 'सगळे मिळून दिग्दर्शन करू' असं ठरलं. ऐकायला फार छान वाटतं हो. प्रत्यक्षात पहिल्या शॉटला कॅमेरा कुठे ठेवायचा यावर ५० मिनिटं काथ्याकूट झाला आणि तोवर खिडकीतलं ऊन भिंतीवरून जमिनीवर उतरलं. त्या उन्हासाठीच तर ती खोली निवडली होती. मत घेतलं की ४ विरुद्ध ४ पडायची आणि नववा बिचारा केबल शोधत असायचा. एक टेक संपला की नटांना तीन दिशांनी तीन सूचना. एक म्हणणार 'जरा आत ठेव', दुसरा म्हणणार 'मोकळी हो', तिसरी म्हणणार 'मस्त झाला, तसाच दे'.

तिसऱ्या दिवशी वैतागून एकीला दिग्दर्शक केलं. वेग लगेच वाढला. पण मग दुसरंच दुखणं लक्षात आलं. कॅमेऱ्याच्या मागे पाच डोकी, आणि बहिणीच्या बाह्या दुमडलेल्या होत्या की सोडलेल्या हे बघायला एकही नाही. कंटिन्युइटी (शॉट बदलला तरी कपडे, वस्तू तशाच आहेत ना हे बघणं), कॉल शीट (कुणी किती वाजता यायचं याचा कागद), फुटेजची कॉपी, कुणी कधी जेवायचं... ही कामं कुणाचीच नव्हती, म्हणून ती झालीच नाहीत.

पटकथा मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिली होती. '१० मिनिटांची होईल' हा अंदाज. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा ठोकताळा ठरावीक अक्षरात, ठरावीक समास सोडून लिहिलेल्या पानाला लागू पडतो, मोबाइलवर वर सरकवायच्या मजकुराला नाही. पहिला कट २३ मिनिटांचा निघाला.

सगळ्यात जिव्हारी लागलेलं आता सांगतो. सातव्या सीनमध्ये बहिणीला वडिलांच्या चष्म्याची केस सापडते. तिच्या क्लोजअपचे ६ टेक घेतले. सहावा असा झाला की 'कट' म्हणायचं कुणाला सुचेना. त्या रात्री कॉपी व्हायच्या आधीच आमच्यातल्या एकानं ते कार्ड फॉरमॅट केलं. क्लोजअप गेले. उरला तो आधीच्या कार्डावरचा वाइड, म्हणजे लांबून घेतलेला शॉट, ज्यात ती पाठमोरी आहे. परत घेऊ म्हटलं तर आम्ही गोष्टीच्या क्रमानंच शूट करत होतो, त्यामुळे कळेपर्यंत खोली खरोखरच रिकामी झालेली. कुठली वस्तू कुठे होती, याचा एकही फोटो नाही.

तुमच्यापैकी कुणी ग्रुपनं फिल्म केली असेल तर अनुभव लिहा.

भुंगा:

पहिला! 

धागा आवडला. 'दोन घोळक्यांत उभे होतो' वर एक स्वतंत्र लघुपट होईल. दिग्दर्शन मात्र एकट्याकडेच द्या.

चकवा:

कार्ड फॉरमॅट झालं तर झालं, रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरून बघितलं नाहीत? झटपट फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मूळ डेटा त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत तसाच असतो.

खिडकीतला:

@चकवा, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. तोपर्यंत त्याच कार्डावर दिवसभर शूट केलं होतं.

चकवा:

अरेरे. मग विषय संपला. बाकीच्यांसाठी: असं झालं तर ते कार्ड त्या क्षणी कॅमेऱ्यातून काढून खिशात टाकायचं. 'एकच शॉट घेऊ आणि मग बघू' नाही.

पण मूळ निष्कर्ष मला पटलेला नाही. तुम्ही म्हणताय सगळ्यांनी मिळून दिग्दर्शन केलं म्हणून गोंधळ झाला. माझ्या मते, वाद सेटवर घातलात म्हणून झाला. आम्ही ५ जणांनी तीन फिल्म केल्या, एकाही फिल्मला एकटा दिग्दर्शक नव्हता. पण प्रत्येक शॉट आधी कागदावर होता, भांडणं त्या कागदावर व्हायची. घरात बसून, पैसे आणि ऊन काहीच जळत नसताना. सेटवर गेल्यावर कागदात आहे तेच. कुणाला नवीन काही सुचलं तर आधी कागदातलं घ्यायचं, वेळ उरला तर नवीन. एका दिवशी नटांशी एकानंच बोलायचं, हाही नियम होता. सामूहिक काम वाईट नसतं, आयत्या वेळचं सामूहिक काम वाईट.

बूमवाली:

सविस्तर लिहिलंय, छान. पण इतक्या मोठ्या लेखात आवाजाबद्दल एक वाक्य आहे, 'नववा बिचारा केबल शोधत असायचा'. यावरूनच तुमच्या फिल्मचा आवाज कसा असेल याची कल्पना आली. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

मी हेच काम करते, पोटापाण्यासाठी. विद्यार्थ्यांच्या फिल्म बघताना डोळे मिटून दोन मिनिटं ऐकते. अंधुक चित्र प्रेक्षक चालवून घेतो, त्याला शैली म्हणतो. संवाद ऐकू आला नाही तर तो खुर्चीत चुळबुळ करायला लागतो आणि त्याला स्वतःलाही कारण कळत नाही.

माइक जवळ न्या. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, खोलीची घुमघुम मात्र आहे तेवढीच राहते. म्हणून कॅमेऱ्यावर बसवलेला महागडा माइक हा तोंडाजवळ धरलेल्या स्वस्त माइकपुढे हरतो. बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, फ्रेममध्ये येईपर्यंत खाली आणायचा, दिसला की बोटभर वर. कॅमेरावाला ओरडला नाही म्हणजे माइक अजून लांब आहे.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळती ठेवा, किंचाळण्याला जागा राहते. शूट मोबाइलवर करत असाल तर फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) स्थिर ठेवणारं ॲप वापरा. बरेच फोन प्रकाश कमी-जास्त झाला की फ्रेमरेट आपल्या मनानं बदलतात आणि मग वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला जुळतो, शेवटी निसटतो. तुम्ही क्लॅपला (चित्र-आवाज जुळवायला वाजवतात त्या पाटीला) दोष देत बसता.

आणि रूम टोन! प्रत्येक जागा सोडायच्या आधी सगळ्यांनी पुतळे होऊन उभं राहायचं आणि त्या खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची. एडिटमध्ये दोन वाक्यांमधली भोकं त्यानंच बुजवतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, दुसरीकडची आणून चिकटवली तर ठिगळ दिसतं.

खिडकीतला:

@बूमवाली, दिवे घेतले. रूम टोन घेतला होता. ४० सेकंद. आमच्या त्या नवव्यानंच, सगळ्यांवर डाफरून. तेव्हा आम्ही हसलो होतो.

फ्रिजची घरघर मात्र दोन सीनमध्ये आहे. तिसऱ्या दिवशी कळल्यावर फ्रिज बंद केला.

बूमवाली:

आणि चालू करायला विसरलात?

खिडकीतला:

फ्रिजचा विषय नको.

बूमवाली:

हाहा. आमच्या धंद्यातली जुनी युक्ती: फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. घरी जायच्या वेळी फ्रिज आठवतोच.

टिंब टिंब:

वाचतेय. फारच उपयोगी धागा. आम्ही ५ मैत्रिणी पुढच्या महिन्यात एक ८ पानी फिल्म करतोय. काल चाचणी म्हणून थोडं शूट केलं तर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावरून काळे पट्टे वरखाली सरकताना दिसतात. कॅमेरा बिघडलाय का?

चकवा:

@टिंब टिंब, कॅमेरा ठणठणीत आहे. जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथे असे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, पट्टे जातील. फ्रेमरेट २५ घेतलात तर हिशोब सोपा होतो. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०. काही स्वस्त एलईडी दिवे यालाही दाद देत नाहीत, ते बदलायचे, दुसरा इलाज नाही. चाचणी त्याच जागी, त्याच दिव्यांखाली घेतलीत हे फार शहाणपणाचं केलंत.

जुनी रीळ:

तरुण मंडळी, धागा वाचून मजा आली. मी संकलनात आयुष्य काढलं, सुरुवात १६ मिमी रुंदीच्या फिल्मवर. ४०० फुटांचं एक रीळ २४ फ्रेमच्या वेगानं साधारण ११ मिनिटं चालतं. म्हणजे तुमची अख्खी फिल्म आमच्या एका रिळाएवढी. आम्हा विद्यार्थ्यांना अशी मोजून तीन-चार रिळं मिळायची, त्यात दहा मिनिटांची फिल्म बसवायची. कॅमेऱ्याचं बटण दाबताना हात थरथरायचा. त्यामुळे तालमी व्हायच्या, भांडणं आधी व्हायची, आणि श्री. चकवा म्हणतात तो कागद आपोआप तयार व्हायचा. तुम्ही एकूण किती शूट केलंत?

खिडकीतला:

@जुनी रीळ, सांगायला लाज वाटते काका. ६ तास ४० मिनिटं.

जुनी रीळ:

म्हणजे एका मिनिटाला ३६ मिनिटं. लाज कसली, पण संकलन करणाऱ्याची दया येते. इतकं फुटेज आधी नुसतं बघायलाच एक दिवस जातो, आणि तो बघत नाही. तो शेवटचा टेक उचलतो, कारण तुम्ही त्यानंतर थांबलात.

रशियात क्रांतीनंतर कोऱ्या फिल्मचा दुष्काळ होता. मॉस्कोत १९१९ साली फिल्मशाळा निघाली तेव्हा तिथे लेव्ह कुलेशोव्ह शिकवत. त्यांच्या मुलांनी काय करावं? रंगमंचावर शॉटसारखे छोटे प्रसंग बसवून 'फिल्मविना फिल्म' केल्या. जुन्या फिल्मचे तुकडे उलटसुलट जोडून बघितले. एकाच निर्विकार चेहऱ्यापुढे वेगवेगळी चित्रं जोडली की प्रेक्षक त्या चेहऱ्यात वेगवेगळे भाव वाचतो, हा त्यांचा प्रसिद्ध प्रयोग. तुमच्याकडे कॅमेरा स्वस्त आहे म्हणून ही पायरी गाळू नका. मोबाइलवर सगळी फिल्म आधी एकदा कच्ची काढा, नटांच्या जागी एकमेकांना उभं करून. कापून बघा. तेवीस मिनिटं होणार आहेत हे तिथेच कळतं.

बाह्यांचं मात्र फार मनाला लावून घेऊ नका. वॉल्टर मर्च या नामांकित संकलकानं कट कशाच्या आधारे करावा याची चक्क टक्केवारी मांडली आहे. भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०, आणि उतरत उतरत माणसं खोलीत नेमकी कुठे आहेत या सलगतेला अवघे ४. प्रेक्षक चेहऱ्यात गुंतला तर बाही दिसत नाही. बाही दिसली असं कुणी सांगितलं, तर तो बाहीचा दोष नसतो.

भुंगा:

काका, साष्टांग. हा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून टाका.

ऋतुगंध:

मी कॅमेऱ्यापुढच्या बाजूनं लिहिते. विद्यार्थ्यांच्या सहा-सात फिल्ममध्ये काम केलंय, सगळी फुकट, आणि बहुतेक आनंदानं.

तुम्ही आम्हाला सकाळी ७ ला बोलावता आणि पहिला शॉट दुपारी २ ला लागतो. मधल्या वेळात कुणी येऊन काही सांगत नाही. उशीर होतोय हे कळलं तर आम्ही पुस्तक वाचू, झोपू. पण 'पाच मिनिटांत' म्हणत सात तास बसवलं की त्या पाच मिनिटांसाठी जमवलेलं सगळं विझून जातं. कॉल शीटवर प्रत्येकाची वेळ वेगवेगळी लिहायला काय हरकत आहे?

समोरच्याचा क्लोजअप चालू असताना मलाही तिथे उभं राहून खरे संवाद म्हणायला सांगा. लेन्सच्या अगदी कडेला. एका फिल्ममध्ये मला भिंतीवर चिकटवलेल्या कागदाच्या ठिपक्याशी भांडायला लावलं होतं. ठिपक्याचं काम चांगलं झालं होतं.

आणि वाइड आधी, मग क्लोजअप, ही उजेडाच्या दृष्टीनं सोयीची पद्धत आहे हे मान्य, पण रडण्याच्या सीनला ती मोडा. वाइडमध्येच सगळं देऊन झालेलं असतं. नटाला विचारा, 'तुला आधी कुठला घेऊ?' एवढं विचारलं तरी माणूस जीव तोडून काम करतो.

@खिडकीतला, एक विचारायचं होतं. सातव्या सीनमधला तिचा क्लोजअप गेला, हे त्या मुलीला कुणी सांगितलं?

खिडकीतला:

@ऋतुगंध, कॉल शीटचं अगदी खरं. आम्ही ती बनवलीच नाही, व्हॉट्सॲपवर 'उद्या ७' एवढंच. पुढच्या वेळी नक्की.

अजून एक राहिलं होतं लिहायचं. संगीत. एडिट करताना एकानं तात्पुरतं म्हणून एक प्रसिद्ध गाणं टाकलं आणि आम्ही सगळे त्या गाण्याच्या प्रेमात पडलो. कट त्याच्या ठेक्यावर बसवले. मग कळलं, फिल्म महोत्सवाला पाठवायची तर रचनेचा हक्क वेगळा आणि त्या ध्वनिमुद्रणाचा वेगळा, दोन्हीकडून परवानगी हवी. शेवटी गाणं काढलं आणि कट लंगडे झाले. तात्पुरतं गाणं टाकूच नका, या मताचा मी झालोय.

चकवा:

गाण्याबद्दल +१.

पण ऋतुगंध यांच्या प्रश्नाला बगल दिलीत.

टिंब टिंब:

मला तो दोन घोळक्यांचा भाग कळला नाही. फिल्म तर झाली, टाळ्याही मिळाल्या. मग भांडण कशावरून?

खिडकीतला:

@टिंब टिंब, श्रेयनामावलीवरून. तिसऱ्या दिवशी जिला दिग्दर्शक केलं, तिचं एकटीचं नाव 'दिग्दर्शन' म्हणून आलं. पहिले दोन दिवस ज्यांनी शॉट लावले ते 'सहाय्य'मध्ये गेले. माझं नाव 'पटकथा व निर्मिती' असं आलं, त्यावरही काही जणांचं म्हणणं आहे. नामावली आदल्या रात्री ३ वाजता, दोघांनी बसून टाइप केली. तुम्ही पाच जणी आहात, शूटिंगच्या आधी ती कागदावर लिहा आणि सगळ्यांना दाखवा. नंतर कामं बदलली तर बदला, पण बदलताना सगळे खोलीत असू देत.

कार्डवाला:

नमस्कार. हा आयडी खास या धाग्यासाठी काढलाय.

मी तो नववा. केबल शोधणारा. कार्ड मीच फॉरमॅट केलं. ग्रुपमध्ये कुणीतरी या धाग्याची लिंक टाकली, दोन दिवस वाचत होतो.

खिडकीतला, लेख छान लिहिलायस. फक्त एक वाक्य गाळलंस. त्या रात्री मी कार्ड हातात धरून तुला विचारलं होतं, 'कॉपी झालंय ना?' तू लॅपटॉपमधून मान वर न काढता 'हो' म्हणालास.

चकवा:

अरे बापरे.

भुंगा:

मी जागा धरून बसतो.

खिडकीतला:

हो. म्हणालो होतो.

मी सकाळच्या कार्डाबद्दल म्हणत होतो. ते झालेलं होतं. तुझ्या हातात संध्याकाळचं आहे हे मी बघितलंच नाही. लेखात 'आमच्यातल्या एकानं' असं लिहिताना हे आठवत होतं, खोटं बोलणार नाही.

कार्डवाला:

ठीक आहे. मला तुला अडकवायचं नाहीये, मीही उघडून बघायला हवं होतं. दोन्ही कार्डं एकाच कंपनीची, एकसारखी काळी, काहीही न लिहिलेली. दिवसभर बूम धरून हात भरून आलेले, रात्रीचा दीड वाजलेला. आवाज, कार्डं, बॅटऱ्या, सगळं माझ्याकडे कसं आलं? कुणी दिलं नव्हतं. बाकी सगळे कॅमेऱ्याजवळ होते, उरलेलं मी उचललं.

आता मी काय करतो ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर. कार्ड कॅमेऱ्यातून निघालं की त्यावर लाल चिकटपट्टी. लाल पट्टी म्हणजे हात लावायचा नाही. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाली, दोन्हीकडची पहिली, मधली आणि शेवटची क्लिप उघडून चालवून बघितली, की मगच पट्टी काढायची, आणि पट्टी काढणारा माणूस एकच. फॉरमॅट रात्री करायचंच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेऱ्यात घालून तिथेच करायचं. तोंडी 'हो'वर काही करायचं नाही. तिसरी प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवायची.

@बूमवाली, तुम्हाला एक सांगायचं होतं. आवाज मी वेगळ्या रेकॉर्डरवर घेत होतो, त्यामुळे क्लोजअपचं चित्र गेलं तरी सहाव्या टेकचा आवाज शाबूत होता. फिल्ममध्ये सातव्या सीनला जो वाइड आहे, त्यात चित्र वाइडचं आणि आवाज त्या क्लोजअपचा आहे. ती पाठमोरी असल्यामुळे ओठ जुळवायचा प्रश्नच आला नाही. फक्त केस उघडल्याचा खटका हाताच्या हालचालीशी जुळत नव्हता, तो घरी दुसऱ्या केसवर परत रेकॉर्ड केला.

बूमवाली:

@कार्डवाला, उभी राहून टाळ्या. लांबचं चित्र आणि जवळचा श्वास. मोठमोठ्या फिल्ममध्ये हे मुद्दाम करतात.

जुनी रीळ:

यालाच संकलन म्हणतात, पोरा. नामावलीत तुझ्यापुढे काय लिहिलंय?

कार्डवाला:

काका, 'विशेष आभार'.

भुंगा:

...

चकवा:

माझे शब्द थोडे मागे घेतो. कागद नीट असता तरी हे टळलं नसतं. कागदावर शॉट असतात, रात्री दीड वाजता कार्ड कुणाच्या हातात आहे ते नसतं.

फिल्म खरंच छान झाली असणार. आणि तो सीन वाइडमध्ये आहे म्हणूनच बहुधा चांगला झाला, अपघातानं का होईना.

कार्डवाला:

@चकवा, असं सगळे म्हणतात. मी तो क्लोजअप मॉनिटरवर बघितलाय. आत्ता फिल्ममध्ये आहे ते चांगलं आहे, पण ते त्याच्या बदल्यातलं आहे.

आणि ऋतुगंध यांच्या प्रश्नाचं उत्तर मीच देतो. नाही. तिला कुणीही सांगितलं नाही. दिग्दर्शिकेला वाटलं निर्मात्यानं सांगितलं, निर्मात्याला वाटलं मी सांगितलं. मला तिच्यासमोर जायची हिंमत नव्हती. तिला त्या दिवशी थेट पडद्यावर कळलं.

ऋतुगंध:

मला वाटलंच होतं. म्हणून विचारलं.

टिंब टिंब:

मी आमच्या ग्रुपवर हा धागा टाकला. आत्ता आम्ही पाच जणी व्हिडिओ कॉलवर बसून कामांची यादी करतोय. 'कार्डं' या कामापुढे नाव लिहिताना पहिल्यांदाच कुणी आपणहून हात वर केला. पाच जणींमध्ये एकीकडे दोन कामं येणारच, तर बूम आणि कार्डं एकाच व्यक्तीकडे नकोत, बरोबर ना?

कार्डवाला:

@टिंब टिंब, अजिबात नकोत. बूम धरणाऱ्याला रात्री फक्त झोपू द्या. कार्डं अशा कुणाकडे द्या जी दिवसा बसलेली असते. कंटिन्युइटी बघणारीकडे दिलीत तरी चालेल, तिच्या वहीत टेकचे नंबर असतातच, कॉपी झाल्यावर वहीशी ताडून बघता येतं. आणि क्लॅप सुरुवातीला राहिली तर शॉटच्या शेवटी पाटी उलटी धरून वाजवा, म्हणजे एडिट करणाऱ्याला कळतं की ही शेवटची क्लॅप आहे.

बूमवाली:

+१०० 

रच्याकने (जाता जाता), सगळ्या फोटोंची वेगळी फोल्डर करा. प्रत्येक सेटअप मोडायच्या आधी खोलीचे चार कोपऱ्यांतून चार फोटो. खिडकीतला यांच्याकडे ते असते तर खोली परत लावता आली असती.

खिडकीतला:

दोन दिवस इकडे आलो नाही, माफ करा.

काल तिला फोन केला. मी एकट्यानं नाही, कार्डवाला शेजारी बसला होता, फोन स्पीकरवर. सगळं सांगितलं, माझ्या 'हो'सकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं माझं काम वाईट झालं म्हणून तुम्ही पाठ ठेवली." फिल्म बघितल्यापासून तिच्या डोक्यात तेच होतं. ती चिडली नाही असं लिहिणार होतो, पण चिडली. फोन मध्येच ठेवला. रात्री तिचा मेसेज आला, सहाव्या टेकची नुसती आवाजाची फाइल पाठवा म्हणून. कार्डवाल्यानं पाठवली आहे.

महोत्सवाला पाठवायची प्रत अजून गेलेली नाही. रविवारी ९ जण बसून नामावली नव्यानं लिहितोय. दहा, तिलाही बोलावलंय. येते म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

@बूमवाली, त्या घरी काल जाऊन आलो. फ्रिज चालू आहे.